ग्वांगजांग बाजारात खायला जाण्याआधी

सोलच्या ग्वांगजांग बाजारात गाइडबरोबर खात हिंडायचं ठरलं, की सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला काय चालत नाही ते नावासकट लिहा. बीफ, पोर्क, मासे, कोलंबी-शिंपल्या, अंडं, कांदा-लसूण, दारू असे रकाने पाडा. तीळ, सोया, गहू, शेंगदाणा यांची अ‍ॅलर्जी वेगळी लिहा, कारण सोया सॉस आणि तिळाचं तेल इथे जवळपास प्रत्येक गोष्टीत असतं आणि गोचुजांग या मिरचीच्या पेस्टमध्येही बऱ्याचदा गहू असतो. ही यादी तीन-चार दिवस आधी गाइडकडे पोचली पाहिजे. बाकावर बसल्यावर विचारपूस करायला वेळ नसतो. समोर तवा तापलेला असतो, मागे माणसं ताटकळत असतात आणि विक्रेतीला उत्तर लगेच हवं असतं. आधी कळलं असेल तर गाइड स्टॉल बदलू शकतो. आयत्या वेळी तो फक्त ‘हे तुम्ही खाऊ नका’ एवढंच म्हणू शकतो.

‘आम्ही व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असा समज तिकडे सर्रास असतो आणि फसगत नेमकी तिथेच होते. त्यामुळे पदार्थ एकेक करून पाहून ठेवा.

बिंदेत्तोक हा या बाजाराचा मानाचा पदार्थ. सोललेले मूग भिजवून स्टॉलवरच विजेवर फिरणाऱ्या दगडी जात्यात दळतात, त्यात मुगाचे लांब मोड आणि किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, घालतात आणि तेलाच्या थारोळ्यात जाडजूड तळतात. आपल्या मुगाच्या धिरड्याचा हा दणकट भाऊ. पण काही स्टॉलवर पिठातच पोर्कचा खिमा मिसळलेला असतो, आणि एकदा मिसळलेला खिमा कुणी काढून देऊ शकत नाही. ‘मांस काढून द्या’ म्हणण्यापेक्षा ‘बिनमांसाचं आहे का’ हे विचारायचं, कोरियनमध्ये ‘गोगी ओम्नुन गो इस्सोयो?’ शेजारीच गोगी-वांजा नावाचे मांसाचे गोल वडे त्याच तव्यावर, त्याच तेलात तळले जातात आणि तळून झाल्यावर रंगाला ते बिंदेत्तोकसारखेच दिसतात. बोट दाखवून मागवलं की गोंधळ इथे होतो. शिवाय किमचीत बहुधा खारवलेली कोलंबी किंवा माशांचा सॉस असतोच. काटेकोर शाकाहारी माणसाने बिंदेत्तोक सोडलेलंच बरं. खाणाऱ्यांनी मात्र रचून ठेवलेल्या ढिगातलं घेऊ नये, ते वाफेने मऊ पडतं. तव्यावरून आत्ता उतरलेलं मागा. कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊसर, ही त्याची खरी चव पहिल्या पाच मिनिटांतच मिळते. एक नग दोन-तीन जणांना चाखायला पुरतो.

त्तोकबोक्की दिसायला फक्त तांदळाच्या पिठाच्या लाल रस्स्यातल्या कांड्या, पण रस्सा सुकवलेल्या बारीक मासळीच्या पाण्यात केलेला असतो आणि त्यात माशाच्या वड्या, म्हणजे ओमुक, पडलेल्या असतात. कालगुक्सु या सुरीने कापलेल्या नूडल्सचं पाणीही बहुधा तसंच. सुंदे म्हणजे डुकराच्या आतड्यात रक्त आणि रताळ्याच्या स्टार्चचे शेवयांसारखे नूडल्स भरून वाफवलेलं सॉसेज, सोबत बऱ्याचदा काळीज आणि फुफ्फुसाचे तुकडे. युखे म्हणजे कच्चं बीफ, वर नाशपातीच्या सळ्या आणि कच्चा बलक. त्याची एक अख्खी गल्लीच आहे. ज्यांना तिथून जायलाही नको वाटतं त्यांनी हे आधीच सांगावं, रस्ता सहज बदलता येतो. गरोदर बायका, लहान मुलं आणि पोटाचा त्रास असलेल्यांनी युखे खाऊ नये. सान्नाकजी, म्हणजे आत्ताच कापलेला आणि अजून वळवळणारा ऑक्टोपस, घेणार असाल तर प्रत्येक तुकडा भरपूर चावूनच गिळा. त्याचे शोषक घशाला चिकटून गुदमरण्याचा धोका खरा आहे. त्तोकबोक्कीतल्या कांड्याही चिवट असतात. आजी-आजोबा आणि मुलांसाठी त्या कात्रीने बारीक करून मागा, कात्री बहुतेक स्टॉलवर असते.

मग शाकाहारी माणसाने खायचं काय? भोपळ्याची गोडसर पेज होबाकजुक, लाल चवळीसारख्या दाण्यांची पेज पातजुक, गूळसर साखर-दालचिनी भरलेलं पोळीसारखं होत्तोक, पीळ घातलेला तळणीचा क्वाबेगी, तांदळाचं गोड थंड पेय सिक्खे. क्वाबेगीत अंडं-दूध असू शकतं. होत्तोकमधलं सारण उकळत्या पाकासारखं असतं, पहिला घास मधोमध घेतला की जीभ भाजते. कडेने खा. बोटाएवढे छोटे किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, बऱ्याच ठिकाणी फक्त गाजर आणि पिवळा मुळा घालून करतात, पण अंडं, हॅम किंवा ओमुक नाही ना, हे प्रत्येक स्टॉलवर नव्याने विचारावं लागतं. सोबतचा मोहरीचा सॉस नाकात जातो, बेतानेच बुडवा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना बाजारात खरोखर पोटभर काही मिळत नाही, आणि त्यांना आशेवर ठेवू नये. त्यांच्यासाठी दुसरी सोय उत्तम आहे. कोरियन बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे आणि लसूण-पातीसारख्या उग्र भाज्या वर्ज्य असतात. जोग्ये पंथाचं बालू गोंगयांग हे उपाहारगृह जोग्येसा मंदिरासमोर आहे, बाजारापासून फार लांब नाही. जागा आधी राखून ठेवा. मात्र जमिनीखालच्या भाज्या तिथे वापरतात, म्हणून जैन मंडळींनी तेही कळवावं.

गाइड ठरवताना पैशांआधी चार गोष्टी विचारा. फीमध्ये खाणं धरलं आहे का आणि प्रत्येकाला पूर्ण प्लेट मिळणार की चाखण्यापुरतं? किती स्टॉल? दारू धरली आहे का? एका वेळी माणसं किती? बाकांवर पाच-सहा जण जेमतेम मावतात. आठाच्या वर ग्रुप गेला की अर्धे लोक उभे राहून बघतात आणि येईपर्यंत सगळं गार होतं. परदेशी पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइडला कोरियात सरकारी परवाना लागतो. ओळखपत्र पाहायला मागण्यात संकोच नको.

वार निवडताना शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गर्दीत गल्ली तुंबते. रविवारी कापडाची बरीच दुकानंही बंद असतात, आणि १९०५ पासूनच्या या बाजारात वरच्या मजल्यावरचे रेशीम आणि हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, पाहण्यासारखे आहेत. आठवड्यातल्या दिवशी साडेदहा-अकराला किंवा दुपारी चारला सुरुवात करा, अडीच-तीन तास धरा. सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसोक (सुगीचा सण) या सणांना बरेच स्टॉल बंद असतात. छुसोक चांद्र पंचांगाने येतो, कधी भाद्रपद पौर्णिमेच्या तर कधी कोजागिरीच्या आसपास. आपल्याकडचंही पंचांग बघा. चतुर्थी-एकादशी करणारी माणसं असतील तर तो दिवस नको. सकाळी हलका नाश्ता करून निघा. अगदी उपाशी गेलात तर पहिल्याच स्टॉलवर पोट भरतं, कारण इथले बहुतेक पदार्थ तांदूळ, तेल आणि डाळीचे, अंगावर येणारे आहेत.

पैसे रोख ठेवा. माणशी तीस हजार वॉन, त्यात एक आणि पाच हजारांच्या नोटा जास्त. खाणं फीमध्ये असलं तरी थोडे जवळ असू द्या. पाच हजार आणि पन्नास हजारांच्या नोटा दिव्याखाली सारख्या वाटतात, दोन्ही पिवळसर-केशरी. पन्नास हजारांवर बाईचं चित्र आहे, शिन साइमदांग यांचं. पाच हजारांवर त्यांचा मुलगा यि इ आहे. मोठी नोट वेगळ्या कप्प्यात घाला. २०२३ च्या अखेरीस इथल्या भाव आणि मापांवरून कोरियात गदारोळ झाला, त्यानंतर भावाबरोबर प्रमाण लिहिण्याचा आणि कार्ड घेण्याचा आग्रह धरला गेला. तरीही मागवण्यापूर्वी पाटीवर बोट ठेवून ‘ओल्मायेयो?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ विचारून घ्या, आणि लहान प्लेट की मोठी हेही. टिप द्यायची पद्धत नाही.

पोचायला मेट्रोची १ नंबरची लाइन, जोंगनो ५-गा स्टेशन, ८ नंबरचं गेट. गुगल मॅप्सवर चालण्याचा रस्ता कोरियात नीट मिळत नाही. नेव्हर मॅप (Naver Map) हे अ‍ॅप उतरवून ठेवा, भाषांतराला पापागो. १३३० हा पर्यटकांसाठीचा मदत नंबर चोवीस तास चालतो आणि इंग्रजीत बोलतो.

पिशवी छोटी घ्या, पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते. बाबागाडी गर्दीत चालत नाही. बाजारावर छप्पर आहे, त्यामुळे पावसाने बेत मोडत नाही, पण फरशी तेलकट-ओली असते, चांगली पकड असलेले बूट घाला. तळणीचा वास कपड्यांना रात्रभर राहतो, चांगलं जॅकेट नको. जानेवारीत रात्री पारा उणे दहापर्यंत उतरतो. बाकं खालून गरम केलेली असतात, पाठ मात्र गारठते, म्हणून थरांचे कपडे. ओले टिश्यू, पाण्याची बाटली, आपली नेहमीची पोटाची औषधं आणि एक रिकामी पिशवी ठेवा. रस्त्यावर कचरापेट्या फार कमी आहेत. कागद-काड्या ज्या स्टॉलच्या त्याच स्टॉलवर परत द्यायच्या.

बसलात की काहीतरी मागवायचंच. चार जणांनी एक प्लेट घेऊन अर्धा तास बाक अडवणं तिथे आवडत नाही. व्हिडिओ काढण्याआधी हाताने खुणावून विचारा. माक्कोल्ली ही तांदळाची दारू साधारण सहा टक्क्यांची असते आणि गोड लागते, म्हणून कळण्याआधी जास्त जाते. कायद्याने १९ वर्षांखालच्यांना नाही. तिखट नको असेल तर ‘आन मेप्के हे जुसेयो’, पण आधीच शिजलेल्या रस्स्याला त्याचा उपयोग नाही.

घरी न्यायला गोचुजांगचा डबा घेतलात तर तो चेक-इन बॅगेतच भरा. हँडबॅगेत तो द्रव पदार्थ धरतात आणि १०० मिलीच्या वरचा विमानतळावर काढून घेतात. डब्याचं झाकण टेपने बंद करून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घाला, कारण विमानात हवेचा दाब कमी झाला की पेस्ट झाकणातून बाहेर येऊ शकते. भाजलेलं किम, म्हणजे समुद्री शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे, हलकं असतं पण चुरतं, ते कपड्यांच्या घड्यांमध्ये सगळ्यात वर ठेवा.