पावसाळ्यात मधली सुट्टी वर्गातच काढायची? या चुका टाळा

जुलैतली दुपार. बाहेर झिमझिम चालू, व्हरांड्याच्या कठड्यावर रेनकोट वाळत घातलेले (वाळत कुणाचाच नाही), आणि वर्गात चौथीची ४२ मुलं. डबे दहा मिनिटांत संपतात. उरलेल्या वीस मिनिटांत पहिली दोन-तीन वर्षं माझा घसा बसायचा. "पळू नका, बाकावरून उतरा, खडू फेकला कुणी?" पेठेतली जुनी शाळा, शहाबादी फरशी, मैदान म्हणजे एक चिमूटभर अंगण. तेव्हा केलेल्या चुका आता नव्या बाईंना करताना बघते, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक आपल्या पुण्याच्या पावसाबद्दलची. सकाळी आभाळ भरून आलं की "आज सुट्टी वर्गात" असं फर्मान निघतं आणि ते आठवडाभर टिकतं. पुणं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, इथे वर्षाचा सगळा मिळून साधारण सातशे. बरेच दिवस नुसती भुरभुर असते आणि मधेच पंधरा मिनिटं उघडीप. त्यासाठी सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, अंदाजाची वाट बघायला नको, खिडकीतून हात बाहेर काढला की कळतं. उघडलंय ना? मग सोडा बाहेर. चपला ओल्या होतात, होऊ द्या. मात्र वर्गाच्या दारात तरटाचं पोतं टाका. ओल्या शहाबादीवरून घसरून कोपर फुटलेलं मूल घेऊन मी दवाखान्यात गेलेय.

दुसरी चूक, स्मार्ट बोर्डवर कार्टून लावणं. वर्ग क्षणात गप्प होतो, हे खरंच. पण पुढच्या तासाला तीच मुलं जागेवर ठरत नाहीत, कारण सकाळपासून बसून होती आणि सुट्टीतही बसूनच राहिली. मीही लावायचे. वह्या तपासून व्हायच्या, नाकारत नाही.

खेळांची पेटी

कपाटात एक पेटी असते. त्यात अर्धा सापशिडीचा पट, फासा नसलेला ल्यूडो आणि स्ट्रायकर हरवलेला कॅरम. अर्धी भांडणं या पेटीतूनच निघतात. झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवा: कॅरम, सोंगट्या १९, स्ट्रायकर १. बुद्धिबळ, मोहरी ३२. मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, आणि हे काम मॉनिटरचं, तुमचं नाही. हत्ती हरवला तर कोटाचं बटण चालतं, मुलांना त्याचं काही वाटत नाही.

पण मोठी चूक पेटीवर विसंबण्यातच आहे. कॅरमला चार जण बसतात आणि बारा जण मान वाकडी करून बघतात. ४२ मुलांना पुरेल असा खेळ कागदाचा. राजा, राणी, चोर, शिपाई! चार चिठ्ठ्या, चार मुलं, शिपायाने चोर ओळखायचा. एका वहीच्या मधल्या पानात दोन गटांच्या चिठ्ठ्या होतात. राजाचे १०००, चोराला शून्य, मधले गुण प्रत्येक घरात वेगळे, त्यामुळे आधी ते ठरवून फळ्यावर लिहा, नाहीतर सुट्टी त्यातच जाते. आणि कृपा करून "बघा, बेरजेचा किती छान सराव होतो" असं म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणी चिठ्ठ्या काढल्या नाहीत.

सागरगोटे मात्र आणाच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, राखाडी, गुळगुळीत, दगडासारखे टणक. एक उडवायचा, खालचे टिपायचे, वरचा खाली पडायच्या आत झेलायचा. पहिल्या दिवशी मुलग्यांनी "हा मुलींचा खेळ" म्हणून नाकं मुरडली. तिसऱ्या दिवशी तेच मागायला आले. एक धोका: कुणीतरी सागरगोटा फरशीवर खसाखसा घासणार आणि शेजारच्याच्या दंडाला चटका देणार. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तुमच्याही वर्गात होणार. पहिली-दुसरीच्या हातात सागरगोटे किंवा चिंचोके देऊ नका, तोंडात घालतात.

चिंचोके मोठ्यांसाठी. ढीग करायचा, फुंकर मारायची, सुटे झालेले दुसऱ्याला धक्का न लावता उचलायचे. फुंकर मारताना वर्ग किती शांत होतो ते एकदा बघाच.

"आउट" झालेल्यांचं काय?

'शिवाजी म्हणतो' छान खेळ, हातपायही हलतात. पण चुकलेला आउट झाला की तो रिकामा, आणि रिकामा झालेला तुमचा पुढचा प्रश्न. आमच्याकडे चुकणाऱ्याने पुढे येऊन हुकूम सोडायचे. मग काही जण मुद्दाम चुकतात. असू दे.

गृहपाठ केला नाही म्हणून सुट्टी काढून घेणं यावर फार बोलत नाही. ज्याला सर्वांत जास्त हालायची गरज असते तोच नेमका बाकावर अडकतो आणि पुढचा तास तुम्हीच भोगता.

आवाज वाढला तर "शांत बसा" ओरडण्यात अर्थ नाही, तुमचाही आवाज त्यात मिसळतो. मी दिवा बंद करून लावते. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा, तक्रार मुख्याध्यापकांकडे जाण्यापेक्षा बरं.

आणि कोपऱ्यात एकटं बसलेलं मूल? त्याला हाताला धरून गटात ढकलायची घाई मी करायचे. गेल्या वर्षी एक मुलगा रोज खिडकीपाशी उभा राहायचा. आठवडाभराने विचारलं, "काय बघतोस रे?" म्हणाला, "बाई, त्या पन्हाळीतून थेंब पडतात ना, ते मोजतोय. तुम्ही बोललात, आता परत एकपासून."