लाल ओळीआधी ‘-ई’ छापले जात होते: माझा अनुभव

देवगडच्या आमच्या हापूसच्या पेट्यांचा हिशेब मांडणारी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘एसएच’ या शेलने, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने, चालवली की थकबाकीची ओळ लाल होई, पण तिच्या आरंभी ‘-ई’ही छापले जाई. टर्मिनलची (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची) रंगयोजना बदलण्यात दोन संध्याकाळी वाया गेल्या, याचा मनस्ताप झाला. तेथे ‘एसएच’ म्हणजे बॅश हा शेल नव्हे, तर डॅश हा दुसरा शेल. त्याच्या ‘इको’ या मजकूर छापणाऱ्या आज्ञेला ‘-ई’ हा पर्याय ठाऊकच नाही, म्हणून ती तो मजकूर समजून छापते.

म्हणून ‘इको -ई’च्या जागी ‘प्रिंटएफ’ ही छापण्याचीच दुसरी आज्ञा लिहिली आणि पुढे एकेरी अवतरणात, मध्ये जागा न सोडता, बॅकस्लॅश, ०३३, डावा चौकोनी कंस, ३१ (लाल रंग), लहान एम. मग मजकुरासाठी टक्केचिन्ह व एस. नंतर पहिलाच क्रम, मात्र ३१ऐवजी ० (रंग पूर्ववत). शेवटी बॅकस्लॅश व एन. अवतरणाबाहेर मजकुराचे चल दुहेरी अवतरणात दिले. ते शून्य विसरल्यास पुढचा मजकूरही लालच राहतो.