दुसऱ्याची नेटिव्ह लायब्ररी ॲपमध्ये घेताना

समजा, नाशिकला बसून लासलगाव मार्केटातली काटापट्टी स्कॅन करून छापणारं अँड्रॉइड ॲप बनवताय. स्कॅनरचं एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोडचा संच) एका कंपनीचं, ब्लूटूथ प्रिंटरचं दुसरीचं, आणि दोन्हींच्या पोटात 'एसओ' फायली, म्हणजे थेट प्रोसेसरसाठी तयार केलेल्या नेटिव्ह लायब्रऱ्या. ऑफिसातल्या जुन्या 32 बिट फोनवर सगळं चालतं. निफाडच्या शेतकऱ्याच्या नव्या फोनवर मात्र पट्टी छापायला गेलं की ॲप बंद. लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदींत, 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर': हवी ती नेटिव्ह फाइल सापडली नाही.

अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये (एपीके म्हणजे ॲपची इन्स्टॉल होणारी फाइल) 'लिब' फोल्डर उघडा. स्कॅनरच्या फायली 'आर्म64-व्ही8ए' (64 बिट) आणि 'आर्मईएबीआय-व्ही7ए' (32 बिट) दोन्हींत असतील, प्रिंटरची फक्त दुसऱ्यात. ॲप इन्स्टॉल करतानाच फोन एक फोल्डर ठरवतो. त्यात नसलेली फाइल तो शेजारच्या फोल्डरमधून उचलत नाही. 64 बिटचं फोल्डरच काढून टाकून फोनला 32 बिटचं घ्यायला लावायची पळवाट प्ले स्टोअरने 1 ऑगस्ट 2019 पासून बंद केली आहे. तेव्हा कंपनीकडून 64 बिट फाइल मागा. नसेल तर ते एसडीके घेऊच नका.

दोन्ही एसडीकेंनी सी++ ची शेअर्ड लायब्ररी सोबत आणली असेल, तर एकाच नावाच्या दोन फायली म्हणून बिल्ड अडतं. ग्रेडलमध्ये (ॲप बांधणाऱ्या साधनात) 'पिकफर्स्ट' लावलं, म्हणजे पहिली सापडेल ती प्रत घ्यायला सांगितलं, की सुटतं, पण इथेच घात होतो: जुनी प्रत आत गेली तर नव्या एसडीकेला हवं ते सिम्बॉल (फंक्शनचं नाव) सापडत नाही आणि ॲप चालू असताना पडतं. सर्वांत नव्या एनडीकेची (नेटिव्ह कोड बांधायच्या गुगलच्या साधनसंचाची) प्रतच आत गेली ना, हे फाइलचा आकार ताडून बघा.

आता 16 केबी पेजचं. पेज म्हणजे फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो तो तुकडा. अँड्रॉइड 15 किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना प्ले स्टोअरवर या आकाराच्या पेजवर चालणं 1 नोव्हेंबर 2025 पासून सक्तीचं आहे. प्रत्येक 64 बिट 'एसओ' फाइलवर 'रीडएल्फ' (फाइलची रचना दाखवणारी आज्ञा) चालवा. 'लोड' ओळींच्या शेवटी किमान 0एक्स4000 (16 केबी) हवं. 0एक्स1000 (4 केबी) असेल तर ती फाइल जुनी. एनडीके आर28 पासून हे आपोआप होतं, पण मूळ कोड न दिलेली बंद फाइल तुम्हाला पुन्हा लिंक करता येत नाही, ते काम कंपनीचंच.

ग्रेडलमध्ये व्हर्जनपुढे अधिकचं चिन्ह टाकू नका, नेमका आकडा लिहा. 'लिब्स'मध्ये हाताने टाकलेली एएआर (अँड्रॉइड लायब्ररीची फाइल) तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या ओढून आणत नाही. त्या स्वतः नोंदवा.

आणि गावात ॲप व्हॉट्सॲपवरून फिरतं, हे धरूनच चला. बंडलमधून, म्हणजे प्ले स्टोअरकडून तुकड्यांत, फोनवर आलेल्या ॲपची फक्त मूळ एपीके पुढे पाठवली, तर नेटिव्ह फायली मागेच राहतात. अशा वाटपासाठी बंडलटूलने युनिव्हर्सल, म्हणजे सगळे तुकडे एकत्र असलेली, एपीके काढून द्या.