तलावावरच्या बदकांसाठी समिती बांधताना

दिवाळी झाली की पुण्यातले पक्षी बघणारे कवडीपाटला, पाषाणला, भिगवणला पळतात. चक्रवाक आले का, थापटे किती दिसले, पट्टकदंब उतरले का, हेच बोलणं सुरू होतं. दरवर्षी त्यांच्यातलं कोणीतरी मला फोन करतं. गावाजवळ तलाव आहे, बदकं येतात, पण कोणी फटाके लावतं, कोणी अगदी काठापर्यंत नांगर घालतं, तर समिती कशी करायची? पुरंदर तालुक्यातल्या एका लहान सिंचन तलावाच्या समितीचं दप्तर मी नऊ वर्षं सांभाळते आहे. त्याआधी पतपेढीत लेखापाल होते. तलावाचं नाव सांगत नाही, सांगितलं की पुढच्या रविवारी काठावर मोटारींची रांग लागते. बाकी सगळं सांगते.

सुरुवात तलाठ्यापासून करा आणि सातबारा काढा. पाण्याखालची सगळी जमीन सरकारजमा झाली असेल असं आपण धरून चालतो. जुन्या तलावांत काही गट अजून शेतकऱ्यांच्याच नावावर असतात. आमच्याकडे शेपटाकडचे, म्हणजे भिंतीपासून लांबच्या उथळ टोकाचे, दोन गट तसे निघाले, आणि बदकं नेमकी तिथंच बसत होती. मग तलाव कोणत्या खात्याचा ते बघा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे राज्याच्या खात्यांकडे. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे आणि कधी संपतो, पाणी उपसायच्या मोटारी कोणाच्या बसल्यात, गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी, कोण करतं, हेही विचारून घ्या. ही उत्तरं ज्या माणसांपाशी जाऊन थांबतात त्यांचीच समिती होते. पक्षी ओळखणारे त्यात सगळ्यात शेवटी येतात.

कायद्याचा आधार किती मिळेल हे आधीच नीट समजून घ्या, म्हणजे उगाच अर्ज लिहीत बसणार नाही. पाणथळींच्या संवर्धनाचे २०१७ चे नियम सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळतात. आणि आपल्या जिल्ह्यातली बहुतेक बदकं अशाच पाण्यावर हिवाळा काढतात. १९८० साली पुरं झालेलं उजनी धरण सिंचनाचं, ज्याच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) उतरतात ते भिगवण त्याचंच. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यामुळे झालेलं, पण ते आधीपासून अभयारण्य होतं आणि पुढे रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. आपल्या लहान तलावांच्या नशिबी ते नाही. पक्ष्याची शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच, पण पाणी किती ठेवायचं आणि गाळात कधी पेरायचं, हे तो कायदा सांगत नाही. ते माणसांनी एकमेकांत ठरवावं लागतं. एक धागा मात्र सोडू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक गावांत ती कागदावर असते. तिच्या सदस्यांची नावं मागून घ्या, त्यातलं एखादं माणूस तुमच्या सभेला बसलं की तुमच्या ठरावाला पंचायतीत वाट मिळते.

माझी पहिली सभा चुकीची झाली. कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी घेतली, सव्वीस माणसं आली, सगळी पुण्याची. एकमताने ठराव झाला की जानेवारीनंतर तलावातून पाणी उपसू नये. तो कागद घेऊन मी सासवडमार्गे गावात गेले. ठेकेदार सोसायटीचे म्होरके, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, जाळं विणत बसले होते. त्यांनी कागद शांतपणे वाचला. म्हणाले, "ताई, यात पाणकावळ्याचं नाव आहे, माझं कुठंय?"

मग त्यांनी मला काठाने चालवलं. पाणी उतरलेल्या बाजूला घोट्याएवढ्या पाण्यात थापटे चोची बुडवून चाळण चाळल्यासारखं गाळ चाळत होते, तलवार बदकं शेपट्या वर करून उलटी झाली होती. भिंतीकडच्या खोल पाण्यात फक्त वारकरी आणि टिबुकल्या, हे बुड्या मारणारे पक्षी. तात्या म्हणाले, "पाणी उतरतं म्हणून ही इथं बसत्यात. तुम्ही उपसा बंद केला तर कुठं जातील?" खरंच होतं ते. पृष्ठभागावर आणि उथळ गाळात चरणाऱ्या बदकांना वीत-दीड वीत पाणी लागतं, आणि हरभऱ्याला, कांद्याला मोटार चालते म्हणूनच आमच्या तलावाला तशी कड सुटते. आमचा ठराव बदकांच्या मुळावर आला असता. अडचण दुसरीच होती. उघडी पडलेली कड लगेच नांगरली जायची, आणि अगदी शेवटचं पाणीही ओढलं जायचं.

म्हणून सांगते, काठावर सगळ्यांनी मिळून दोनदा चालल्याशिवाय ठराव लिहू नका. एकदा दिवाळीनंतर, एकदा संक्रांतीनंतर. आणि सभा गावात, मासेमारांच्या सोयीच्या वेळी घ्या. आमच्याकडे ती दुपारी तीनची निघाली, जाळी वाळत घातल्यावर.

आमच्या समितीत अकरा जागा आहेत. मासेमारांच्या चार, पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्यांच्या तीन, ग्रामपंचायतीच्या दोन, पक्षी बघणाऱ्यांच्या दोन. मासेमारांच्या चारपैकी दोन जागा बायकांच्या, कारण मासळी बाजारात विकतात त्या, आणि कुठल्या जाळ्यातून कुठल्या मापाचा मासा येतो याचा हिशेब त्यांच्याइतका कोणालाच येत नाही. गणपूर्ती सातची, त्यात दोन मासेमार हवेतच. अधिकाऱ्यांना सदस्य करू नका. त्यांची बदली होते आणि जागा रिकामी राहते. त्यांना निमंत्रण पाठवा, इतिवृत्ताची प्रत पाठवा, आणि पोच घ्या.

मतदानाचा नियम मात्र घासून-पुसून लिहा, कारण भांडण तिथंच होतं. जाळ्यांबद्दलचा कुठलाही निर्णय मासेमारांपैकी किमान तिघांच्या होकाराशिवाय होत नाही. पाण्याबद्दलचा निर्णय शेतकऱ्यांपैकी दोघांच्या होकाराशिवाय होत नाही. आम्हा पक्षीवाल्यांकडे असा अडवण्याचा हक्क नाही. आमचा हक्क एवढाच की सभा सुरू होताना शेवटच्या मोजणीचे आकडे आधी वाचले जातात. यावर पुण्यातल्या काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मला आजही ते योग्य वाटतं. ज्याची चूल तलावावर चालते त्याला नाही म्हणता येत नसेल, तर तो सभेत होकार देऊन रात्री आपल्या मनाचं करतो, आणि ते करण्याखेरीज त्याला दुसरा मार्गही नसतो.

मुदती तारखांनी बांधू नका, सणांनी बांधा. आमच्या करारात आहे: शेपटाकडची वीस पावलांची कड होळीपर्यंत नांगरायची नाही. होळीनंतर काकडी, कलिंगड, मका, काय लावायचं ते लावा. तोवर बहुतेक पाहुणी बदकं उत्तरेला निघालेली असतात. भिंतीच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे पाण्याकडच्या दगडी अस्तरावर, आम्ही एक तांबडा पट्टा मारला, पाणी त्याच्याखाली गेलं की मोटारी बंद. तो पट्टा कुठं मारायचा हे ठरवायला तीन सभा लागल्या. पट्टा शेतकऱ्यांच्याच हातून मारून घेतला. दर पावसाळ्याआधी तो नव्याने रंगवतात, आणि गेली सहा वर्षं कुणी तो खाली सरकवलेला नाही.

पाणकावळ्यांचा प्रश्न पैशाचा होता. सोसायटी पावसाळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, सोडायची, त्यातलं बरंच पक्ष्यांच्या पोटात जायचं, मग सुतळी बॉम्ब. बॉम्ब पाणकावळ्यांसाठी असायचा, उठायची मात्र सगळी बदकं. उपाय तात्यांनीच सुचवला: जिऱ्याऐवजी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, सोडायची. ती महाग पडते. किमतीतल्या फरकाचे निम्मे पैसे सोसायटीने घालायचे, निम्मे पक्षी बघणाऱ्यांनी, आणि बॉम्ब बंद.

अर्ध्याची ही कल्पना माझी नव्हती. अमेरिका आणि कॅनडाने १९८६ मध्ये बदकांच्या अधिवासासाठी एक आराखडा केला, मेक्सिको १९९४ मध्ये त्यात आला. तिथं काम प्रदेशवार संयुक्त मंडळं करतात, त्यांत सरकारी खाती, संस्था, जमीनमालक एकत्र बसतात. १९८९ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे केंद्राच्या अनुदानातल्या प्रत्येक डॉलरमागे बाहेरून किमान एक डॉलर उभा करावा लागतो. ते वाचलं तेव्हा पतपेढीतली माझी वर्षं आठवली. स्वतःचे पैसे घातलेला सभासद सभेला येतो. म्हणून फुकट काही देऊ नका, थोडंसं का होईना समोरच्यालाही घालू द्या. खातं समितीच्या नावाने, सह्या दोन, एक मासेमाराची आणि एक दुसऱ्या कोणाची. पावती शंभर रुपयांचीसुद्धा फाडा.

मोजणी जानेवारीत करा. आशियातली पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून याच महिन्यात होते, त्यामुळे तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशी जुळवता येतात. दरवर्षी त्याच जागा, तीच वेळ. मोजायला मासेमारांना घ्या. आमच्या सोसायटीतला एक तरुण आता भुवई बदकाची मादी ओळखतो, जी मला अजून दुर्बिणीशिवाय ओळखता येत नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी नियम आम्ही उशिरा केला. एका हौशी गटाने शेपटावर ड्रोन उडवला, चक्रवाक उठले ते दोन दिवस फिरकलेच नाहीत. तेव्हापासून ड्रोन नाही, होडी बदकांच्या फार जवळ न्यायची नाही, आणि होडी चालवणारा सोसायटीचाच. त्याचं भाडं त्याला मिळतं. भिगवणला मासेमार होड्यांतून पक्षी दाखवतात, त्यांच्याकडून आमची पोरं दोन दिवस शिकून आली.

तक्रार आली की आधी काठावर जायचं, तिथं उभं राहून बोलायचं, मग खोलीत बसायचं. हे आम्ही करारात लिहिलं आहे आणि पाळतो. एकदा एका शेतकऱ्याने कड नांगरली म्हणून ओरड झाली. जाऊन पाहिलं तर पावलं मोजायला पाण्याची जुनी रेघ धरली होती. दंड न करता खुणेचे दगड रोवले.

दरवर्षी दिवाळीच्या आधी करार मोठ्याने वाचून नव्याने सह्या घ्या, कारण ठेका बदलतो, सरपंच बदलतात. एखादा अधिकारी चांगलं सहकार्य करत असेल तर त्याची बदली व्हायच्या आत त्याच्याकडून पत्र घ्या, त्याच्यामागून येणाऱ्याला तेच दाखवता येतं. मूळ वही पुण्यात ठेवू नका. आमची तात्यांच्या घरी, पेटीत, लग्नातल्या शालूखाली असते. माझ्याकडे नुसती झेरॉक्स आहे.