डी अँड डीमध्ये तगडं कॅरेक्टर कसं बांधायचं (आणि डीएमला न चिडवता ते कसं टिकवायचं)

पावसाळा लागला की आमच्या फोंड्यात संध्याकाळी बाहेर पडण्यात अर्थ नसतो, मग कुणाच्या तरी हॉलमध्ये फासे निघतात आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स सुरू होतं, आणि दर टेबलावर एक जण असतोच ज्याला पहिल्याच दिवसापासून अजिंक्य व्हायचं असतं. हा लेख त्याच्यासाठी.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांनी पेडण्याकडच्या जत्रेतला दशावतार आठवा. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र नट जागच्या जागी बोलतो. इथेही तसंच, फक्त वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि राक्षसांपासून चहावाल्यापर्यंत बाकी सगळे रोल एकटा डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) करतो.

सगळ्यात आधी डीएमला विचारा, रूल्स २०१४ चे की २०२४ चे? नेटवरचे बरेच फेमस बिल्ड (कॅरेक्टर बांधायच्या रेसिपी) २०१४ वर उभे आहेत, नवीन रूल्समध्ये त्यातल्या कित्येकांची हवा काढलीय. खाली जे सांगतोय ते २०१४ चं. आणि फीट्स (कॅरेक्टरला मिळणारी खास कौशल्यं) चालतील का तेही विचारून घ्या, कारण त्यात तो भाग ऑप्शनल आहे.

मग एकच काम निवडा. मारणं, अडवणं किंवा जादूने मैदान ताब्यात ठेवणं, यातलं एक. तिन्ही करायला गेलात की पाचव्या लेव्हलला तुम्ही सगळ्यात मागे, हे लिहून घ्या.

आता हिशोब, आणि इथेच बहुतेक जण कंटाळा करतात. ग्रेट वेपन मास्टर नावाचं फीट आहे, मोठ्या हत्याराने मारताना नेम ५ ने कमी करायचा आणि डॅमेज १० ने वाढवायचं. ऐकायला भारी वाटतं. पाचव्या लेव्हलचा फायटर धरा, स्ट्रेंथ १८, म्हणजे नेमाला +७, मोठी तलवार २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४), सरासरी ११. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला फासा आणि नेम मिळून गाठायचा आकडा) १५ असेल तर साधा वार ६५ टक्के लागतो, दर वारामागे साधारण ७.१५ डॅमेज. फीट वापरलं तर ४० टक्केच लागतो पण २१ बसतात, म्हणजे ८.४. फायदा. आता समोर १८ वाला आणा: साधा वार ५.५, फीटवाला ५.२५. म्हणजे चिलखतवाल्यासमोर तोटाच! (क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० पडल्यावरचे जादा डॅमेजवाले वार, मी सोडून दिलेत.) पण अ‍ॅडव्हान्टेज मिळालं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तर १५ वाल्यावर तेच आकडे ९.६५ आणि १३.४४ होतात. तेव्हा फीट घेण्याआधी अ‍ॅडव्हान्टेज कुठून आणणार ते ठरवा, पार्टीतल्या कुणाला तरी शत्रूला आडवा पाडायला सांगा, नाहीतर नुसता आकडा बघून खूश व्हायचं.

अडवणारा हवा असेल तर पोलआर्म मास्टर आणि सेंटिनल ही फीट्सची जोडी. हातात दहा फूट पोचणारं हॅल्बर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड), शत्रू त्या टप्प्यात शिरला की फुकटचा वार, आणि तो लागला की सेंटिनलमुळे त्याचा स्पीड शून्य. पाच फूट पोचणारा बिचारा तिथेच उभा. व्हेरियंट ह्यूमन (माणसाचा पर्यायी प्रकार) घेतलात तर एक फीट पहिल्या लेव्हलला, दुसरं चौथ्या लेव्हलला. फक्त एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी) रिअ‍ॅक्शन (असा दुसऱ्याच्या पाळीतला वार) एकच मिळते, दुसरा शत्रू आरामात आत येतो, हे विसरू नका.

आता लूपहोल. इथे माझी एकच कसोटी आहे: युक्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत रूल्सवरच चालते का, की मधेच सोयीने फिजिक्स आणावं लागतं? सगळ्यात गाजलेली पीझंट रेलगन घ्या. २,२८० शेतकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतलं एक काम) राखून ठेवायची आणि भाला हातात आला की पुढच्याला द्यायचा. राउंड सहा सेकंदांचा, रांग साधारण साडेतीन किलोमीटरची (मिरामारहून दोनापावलाच्या वाटेवर उभी केली तर बराचसा रस्ता भरेल), म्हणजे भाला ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर गेला! पण वेगाने डॅमेज वाढतं असं रूलबुकात कुठेच नाही, शेवटच्या शेतकऱ्याने फेकला की पडतात तेच १डी६. भाला पोचवताना रूल्स, आणि मारताना फिजिक्स, असं नाय चालत. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात तर रूल्स म्हणजे फिजिक्स नाही असं सरळ लिहून हाच भाल्याचा प्रकार उदाहरणाला घेतलाय.

कॉफीलॉक (वॉरलॉक आणि सॉर्सरर या दोन जादूगार क्लासची मिसळ) मात्र या कसोटीला उतरतो, म्हणून तो जास्त डेंजर. वॉरलॉकचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचा कोटा) तासाभराच्या शॉर्ट रेस्टवर परत येतात, ते सॉर्सररचे पॉइंट करायचे, पॉइंटांचे परत स्लॉट करायचे, आणि असे बनवलेले स्लॉट लाँग रेस्ट (रात्रभराची झोप) घेतल्यावरच जातात म्हणून झोपायचंच नाही. सगळं रूल्समध्ये बसतं. मग २०१७ मध्ये ऑप्शनल रूल आला, २४ तास लाँग रेस्ट नसेल तर कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या दमाचा) फासा टाका, १० च्या खाली आला तर थकवा, आणि पुढच्या प्रत्येक २४ तासांना तो आकडा ५ ने वर. हा रूल डीएम वापरणार का ते आधी विचारा, दोन्ही क्लासच्या लेव्हल घालून बसल्यावर नको.

शेवटची पायरी, बिल्ड पहिल्या सेशनच्या आधी डीएमला पूर्ण दाखवा, पुढे दहाव्या लेव्हलला काय करणार तेसुद्धा. फायनल लढाईत सरप्राइज देण्याची मजा एकदाच येते, नंतर डीएम तुमचं प्रत्येक वाक्य तपासत बसतो आणि बाकीचे मोबाईल काढतात. तुम्हीच डीएम असाल तर मधेच बंदी घालू नका. हॅल्बर्डवाल्यासमोर दोन तिरंदाज छपरावर ठेवा, उडणारं काहीतरी आणा, आणि अधूनमधून त्याला अरुंद बोळात सगळ्यांना अडवू पण द्या, त्यासाठीच तर त्याने दोन फीट खर्च केलेत. आणि खेळणाऱ्याने आपल्या प्रत्येक युक्तीचा पान नंबर कॅरेक्टर शीटच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा, आमच्याकडे पावसात लाईट आणि नेट एकदमच जातं.