इंडक्शन शेगडीचा बोर्ड आणि न मिळणारा पार्ट : नव्याने दुरुस्तीत उतरणाऱ्यांसाठी

फ्यूज उडालेली इंडक्शन शेगडी टेबलावर आली की नव्या माणसाचा हात आधी आयजीबीटीकडे, म्हणजे कॉइलचा करंट भराभर चालू-बंद करणाऱ्या पॉवर ट्रान्झिस्टरकडे जातो. ते चुकीचं नाही, बऱ्याचदा तोच शॉर्ट निघतो. खरी भानगड पुढे आहे. नवा आयजीबीटी नेमका कुठला आणायचा आणि जुना कशाने गेला, हे ठरवल्याशिवाय टाकलेला पार्ट स्विच दाबताक्षणी उडतो आणि जाताना ब्रिज (एसीचं डीसी करणारा पार्ट) आणि फ्यूजही घेऊन जातो. मीटर लावणं, पार्ट काढणं-बसवणं तुम्हाला येतं, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी पार्टचं बोलू, कारण नवे लोक सर्वांत जास्त पैसे तिथेच घालवतात. दुकानात जाऊन 'अमुक कंपनीच्या शेगडीचा आयजीबीटी द्या' असं कधीही म्हणू नका. एकाच मॉडेलच्या शेगडीत वर्षागणिक बोर्ड बदलतात. पार्टवर छापलेला नंबर पूर्ण उतरवून घ्या, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. जळून छपाई उडाली असेल तर तिरका उजेड टाकून मोबाईलने फोटो काढा, बहुतेक वेळा वाचता येते.

नंबराचं इतकं का, ते इन्फिनिऑनच्या तीन पार्टांवरून बघा. एच२०आर१२०३, के२५एच१२०३ आणि जी२५एच१२०३. तिन्ही १२०० व्होल्टचे, तिन्हींचं अंग सारखंच, तिन्हींचे पाय गेट, कलेक्टर, एमिटर याच क्रमाने. काउंटरवरचा माणूस यातला कुठलाही उचलून 'हा लावा, चालेल' म्हणतो. पण पहिला खास शेगडीतल्यासारख्या रेझोनन्स सर्किटसाठीच, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांत झुलतात अशा सर्किटसाठीच बनवलेला आहे आणि त्याच्या पोटात उलटा डायोड आहे. 'के'वाल्यातही डायोड आहे, पण तो वेगळ्या प्रकारच्या स्विचिंगसाठी बनलेला पार्ट आहे. 'जी'वाल्यात डायोडच नाही. इंडक्शनमध्ये कॉइल आणि कपॅसिटर झुलत असताना करंट उलटा फिरतो, त्याला तो डायोड लागतोच. 'जी'वाला बसवलात तर सोल्डरिंग कितीही सुबक असू दे, तो जाणार. एका अक्षराचा फरक आहे आणि दुकानदार तो बघत नाही. बघायचं काम तुमचं.

आणखी एक गोम. याच पार्टचा ऑर्डर नंबर वेगळा असतो. अंगावर एच२०आर१२०३ छापलेलं असतं, पण डेटाशीटवर आणि माउझर, डिजी-कीसारख्या विक्रेत्यांकडे तो आयएचडब्ल्यू२०एन१२०आर३ या नावाने असतो. अंगावरच्या नंबराने शोधून काही सापडलं नाही म्हणून पार्ट बंद झाला असं समजू नका. छोट्या तीन पायांच्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या) पार्टांचं तर हे नेहमीचंच. 'जे३वाय' छापलेला म्हणजे एस८०५० आणि '१एएम' म्हणजे एमएमबीटी३९०४. मात्र हे कोड सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात, म्हणून पार्ट सर्किटमध्ये काय काम करतोय तेही जुळवून बघा.

'अँपिअर जास्त म्हणजे पार्ट दणकट' हा समज तर आधी डोक्यातून काढा. २० अँपिअरच्या जागी ४० अँपिअर, ६०० व्होल्टचा आयजीबीटी वेल्डिंग मशीनच्या भंगारातून सहज मिळतो आणि मोह होतो. शेगडीत २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात हे खरं, पण कलेक्टरवर रेझोनन्समुळे हजार व्होल्टच्या आसपास शिखरं येतात. ६०० व्होल्टचा पार्ट तिथे एक क्षणही टिकत नाही.

रेझोनन्सच्या कपॅसिटरचंही तेच. त्यावर ३०४जे लिहिलंय म्हणजे ०.३ मायक्रोफॅरड, २७४जे म्हणजे ०.२७, आणि 'जे' म्हणजे ५ टक्के कमी-जास्त. शेगडी साधारण २० ते ३० किलोहर्ट्झवर चालते आणि ती फ्रीक्वेन्सी कॉइल आणि या कपॅसिटरवर ठरते. तेव्हा व्हॅल्यू हुबेहूब तीच हवी, व्होल्टेज १२०० डीसी हवं आणि आत पॉलिप्रॉपिलीन हवं. ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कपॅसिटर दिसायला जवळजवळ तसाच असतो. तो तापतो, फुगतो आणि आयजीबीटीला सोबत घेऊन जातो.

आता शोधायचं कुठे. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, बाहेर असाल तर बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं लाजपत राय मार्केट. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. जुना पार्ट हातात घेऊन जा आणि थेट विचारा : नवा आहे, काढलेला आहे की कॉपी? काढलेला म्हणजे जुन्या बोर्डावरून उतरवलेला. माझ्या मते खात्रीचा काढलेला पार्ट शंकास्पद नव्यापेक्षा केव्हाही बरा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मेलेल्या शेगड्यांचे बोर्ड मिळतात. त्यांवरचे रेझोनन्स कपॅसिटर, कॉइल आणि पंखे बऱ्याचदा चांगले निघतात.

नव्या म्हणून घेतलेल्या पार्टचे पाय नीट बघा. पायांवर सोल्डरचा जुना थर किंवा वाकवून सरळ केल्याच्या खुणा दिसल्या तर तो नवा नाही. कापसाला ॲसिटोन लावून छपाई पुसा. छपाई निघाली आणि खाली खरवडलेला पृष्ठभाग दिसला तर पार्टवर दुसराच नंबर चढवलाय. मग मीटर डायोड मोडवर घ्या. लाल एमिटरला, काळी कलेक्टरला लावली की आतल्या डायोडचा ड्रॉप दिसला पाहिजे, उलट लावल्यावर काही नाही, आणि गेटवरून कुठेच काही नाही. मीटरच्या दोन-तीन व्होल्टने आयजीबीटी चालू होत नाही, म्हणून ९ व्होल्टची बॅटरी घ्या : धन टोक गेटला, ऋण एमिटरला, क्षणभर. आता लाल कलेक्टरला, काळी एमिटरला लावून रीडिंग यायला हवं. गेट आणि एमिटर एकमेकांना जोडले की रीडिंग गेलं पाहिजे. ही चाचणी पास झाली तरी पार्ट १२०० व्होल्ट सोसेल याची हमी नाही, पण निम्मा कचरा इथेच गळतो.

घाबरण्यासारखं यात काही नाही. एकदा हात बसला की ही तपासणी दोन मिनिटांत होते.

आता जुना का मेला. आयजीबीटी शॉर्ट झाला की गेटकडून मागे मार बसतो : गेट चालवणारी ८०५०-८५५० ट्रान्झिस्टरांची ड्रायव्हर जोडी, गेटचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा १८ व्होल्टचा झेनर डायोड, गेटचे रेझिस्टर. हे सगळं तपासल्याशिवाय नवा पार्ट बसवू नका. त्याआधी आयजीबीटी न लावता बोर्ड चालू करा. १८ व्होल्ट आणि ५ व्होल्ट येतात का बघा आणि स्टँडबायमध्ये गेटच्या पॅडवर शून्य आहे ना याची खात्री करा. गेटवर कायम व्होल्टेज दिसतंय म्हणजे ड्रायव्हर गेलाय.

शेगडी भांडं ओळखत नसेल किंवा एरर दाखवत असेल तर व्होल्टेज मोजणारी मोठ्या रेझिस्टरांची साखळी तपासा, ३३० के, ४७० के असल्या व्हॅल्यूंची. शेजारच्या पार्टांमुळे बोर्डावर मोजलेला रेझिस्टर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. रीडिंग स्थिरावल्यावरही तो छापील व्हॅल्यूपेक्षा बराच जास्त दिसला, तर नक्की गेला. काचेखालचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा पार्ट) बहुधा १०० किलोओहमचा असतो, पण २५ अंशांना. मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत तोच ६५च्या आसपास दाखवतो. चांगला थर्मिस्टर उगाच फेकू नका.

आणि आता सिरीज बल्ब. यूट्यूबवरचे 'फक्त हा पार्ट बदला, शेगडी चालू' वाले उस्ताद हा भाग कापून टाकतात, म्हणून त्यांच्याकडून शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब शेगडीच्या फेजमध्ये सिरीजने जोडा. एलईडी बल्ब चालणार नाही. फिलामेंटचा मिळाला नाही तर हॅलोजन घ्या. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर लुकलुकून विझला किंवा मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण करंट बल्बने रोखल्यामुळे नवा पार्ट बहुधा वाचलाय. बल्ब लावलेला असताना स्वयंपाक चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. भांडं ठेवलं की व्होल्टेज पडतं आणि शेगडी एरर देते, ते बरोबरच आहे. फ्यूजच्या जागी तार लावून बघायची सवय ज्या गुरूने लावली असेल, तो गुरू बदला. दोन वर्षांचा आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करा किंवा दुकानात बसून शिका, पण 'कशाने गेला?' हे विचारणारा माणूस शोधा. अख्खं युनिव्हर्सल किट, म्हणजे कुठल्याही शेगडीत बसणारा तयार बोर्ड, बदलून देणारा नको.

बसवताना थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, ढीग नको. मध्ये अभ्रक नसलेल्या बोर्डात हीटसिंक कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणजे चालू शेगडीत तो जिवंत असतो. बोर्डाचा ग्राउंडही मेन्सला जोडलेला असतो, त्यामुळे चार्जिंगला लावलेला लॅपटॉप त्याला जोडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो पेचकसाने उडवू नका, त्याच १०० वॉटच्या बल्बमधून जिरवा.

बल्बवर सगळं ठीक निघालं की तो काढून थेट जोडणी करा, एक लिटर पाणी भरलेलं भांडं ठेवा आणि आधी सर्वांत कमी वॉटवर चालवा. पंखा फिरतोय ना ते बघा. दहा मिनिटांनी प्लग काढा, कपॅसिटर जिरवा आणि मगच हीटसिंकला हात लावा. कोमट ते बऱ्यापैकी गरम असेल तर वॉट वाढवून पुन्हा हेच. बोट टेकवता येत नसेल तर पेस्ट, स्क्रू आणि पंखा यांतलं काहीतरी चुकलंय. गिऱ्हाइकाला देण्याआधी ते शोधा.