लाइन आली तरी स्विच टाकायचा नाही: खाणीत इलेक्ट्रिकलला लागणाऱ्या पोरांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली पोरं सारखी विचारतात, दादा अंडरग्राउंडला इलेक्ट्रिकलचं काम कसं असतं, भीती वाटते का, घ्यावी का नोकरी. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहितोय.

मी चंद्रपूरकडचा. पहिली पोस्टिंग छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका कोळसा खाणीत. कंपनीचं नाव घेत नाही, पुढे वाचाल तर कारण कळेल. जंगलातून येणारी ३३ केव्हीची एकच लाइन, पावसाळ्यात सागाची फांदी पडली की ट्रिप, आणि ती शोधायला माणूस बॅटरी घेऊन चिखलातून पायी जाणार. वर कारखान्यात वीज गेली तर प्रॉडक्शन थांबतं, चहा पिऊन यायचं. खाणीत वीज गेली की वरचा मोठा पंखा थांबतो, म्हणजे खालची हवा थांबते, म्हणजे मिथेन, पेटणारा गॅस, साचायला लागतो. पंप थांबतात आणि सम्पमध्ये (पाणी साठवायच्या खड्ड्यात) पाणी चढायला लागतं. मॅन रायडिंगला (माणसं ने-आण करणाऱ्या यंत्रणेला) ब्रेक लागून माणसं मध्येच अडकतात. हे सगळं एकाच वेळी.

जॉइन झाल्या झाल्या ट्रेनिंग सेंटरला बसवतात, १९६६ च्या व्होकेशनल ट्रेनिंग रूल्सप्रमाणे ते करावंच लागतं. तिथे धोरी सांगतात (१९६५, स्फोट, २६८ माणसं) आणि चासनाला सांगतात (१९७५, पाणी घुसलं, ३७५ माणसं). आम्ही मागच्या बाकावर झोपा काढत होतो, खरं सांगतो.

मग जुलैमधली ती सेकंड शिफ्ट आली. संध्याकाळी सातच्या सुमारास वादळ, विजा, लाइन गेली आणि पंखा बंद. मी वर सबस्टेशनला. डीजी सेट (डिझेल जनरेटर) चालू करायला गेलो तर बटन दाबलं की नुसतं टक टक, बॅटरी उतरलेली. लॉगबुक उघडलं तर दर सोमवारी 'टेस्टेड ओके'. त्यातल्या दोन सह्या माझ्याच, सेटकडे न जाता ऑफिसात बसून केलेल्या. तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. ओव्हरमननी (खालच्या शिफ्टच्या सुपरवायझरनी) खालून फोन केला, माणसं बाहेर काढतोय म्हणून, आणि इन्क्लाइनमधून (खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेतून) एकेक कॅप लॅम्प वर येताना दिसायला लागला.

वीस-पंचवीस मिनिटांनी लाइन आली. पंखा सुरू केला आणि माझा हात आपोआप अंडरग्राउंड फीडरकडे (खाली वीज सोडणाऱ्या स्विचकडे) गेला, वर आपण हेच करतो ना, लाइन आली की टाक स्विच. आमचे फोरमन, सगळे त्यांना दादाजी म्हणायचे, त्यांनी मनगट पकडलं. "मरवशील का बे सगळ्यांना?" एवढंच बोलले. पंखा चालू झाला म्हणजे खालचा गॅस गेला असं नाही, तो छताला, कोपऱ्यात, गोफच्या (कोळसा काढून सोडलेल्या पोकळीच्या) तोंडाशी बसलेला असतो. आधी पंख्याला हवा फिरवू द्यायची, मग सरदार (खालची सुरक्षा तपासणारा माणूस) मिथेनोमीटर, म्हणजे गॅस मोजायचं यंत्र, घेऊन एकेक जागा बघत जाणार, तो म्हणेल क्लिअर, मग वीज, तीही एकेक सेक्शन करून. आम्हाला दोन तास लागले. मॅनेजरचे फोनवर फोन, कधी चालू होणार, कधी चालू होणार. दादाजी प्रत्येक वेळी एकच सांगायचे, सरदार आला नाही अजून.

हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाट बघत असतो. म्हणून आपल्याकडे १.२५ टक्क्यांच्या वर गेला की तिथली वीज तोडायचीच, वाद नाही.

आता कामाचं. एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, पॅनलबद्दल नवीन पोरांचा मोठा गैरसमज असतो की फ्लेमप्रूफ म्हणजे आत स्फोटच होत नाही. गॅस आत शिरतो आणि आत भडका उडूही शकतो, पण फ्लँजच्या (झाकण जिथे बसतं त्या कडेच्या) बारीक फटीतून बाहेर येता येता ज्वाळा इतकी थंड होते की बाहेरचा गॅस पेटत नाही, सगळी करामत त्या फटीत आहे. म्हणून एक बोल्ट कमी असला, किंवा घाईत फ्लँजवर छिन्नी मारून खड्डा पाडला, की ते फक्त जड लोखंडी खोकं उरलं. मी खिशात फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) ठेवतो, लोक हसतात, हसू देत.

दुसरं, अर्थ लीकेज, म्हणजे वीज जमिनीत गळणं. खाली ५५० व्होल्टवर फॉल्ट करंट ७५० मिलिअँपिअरच्या आत बांधलेला असतो. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून शिफ्टवाले वैतागतात, बायपास कर म्हणतात. नव्वद टक्के वेळा ट्रेलिंग केबल (मशीनमागे ओढली जाणारी) कुठेतरी एसडीएलच्या, म्हणजे कोळसा भरणाऱ्या मशीनच्या, खाली आलेली असते. केबल शोधा. आणि खाली टेप गुंडाळून जॉइंट मारायचा नाही, केबल वर पाठवून व्हल्कनाइझ करून आणायची, कितीही शिव्या बसल्या तरी.

फेस (जिथे कोळसा काढतात ती जागा) पुढे सरकत जातो आणि ट्रान्सफॉर्मर मागेच राहतो, मग पंप सुरू होताना व्होल्टेज पडतं, मोटर गरम होते, ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. इथे सेटिंग वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, ट्रान्सफॉर्मर इनबाय (आत फेसच्या बाजूला) न्यायला लेखी द्या आणि कॉपी स्वतःकडे ठेवा. पंप खलाशाशी (पंप चालवणाऱ्याशी) दोस्ती करा, पंप बंद पडल्यावर सम्प किती तासांत भरतो हे तो तोंडपाठ सांगतो, कुठल्याही ड्रॉइंगवर ते सापडत नाही.

हे फक्त आपल्याकडचं असं समजू नका. साउथ आफ्रिकेत बीट्रिक्स नावाची सोन्याची खाण आहे, २०१८ च्या सुरुवातीला वादळाने लाइन गेली आणि ९५५ माणसं खालीच अडकली, रात्रभर आणि पुढचा अख्खा दिवस, सगळी सुखरूप बाहेर आली पण का अडकली तर जनरेटरवर लिफ्ट चालेना म्हणून. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा टक टक करणारा सेटच आठवला. डीजी नुसता चालू करून बघणं म्हणजे टेस्ट नाही, त्याच्यावर खरा पंखा टाकून बघायचा.

कागदपत्रांचं म्हणाल तर सुपरवायझर सर्टिफिकेट काढताना त्यात मायनिंगचा भाग असेल असं बघा, नाहीतर नंतर अडतं. मोबाइल, बिडी, काडीपेटी खाणीच्या तोंडावरच काढून घेतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की शिफ्टमध्ये आठ तास फोन लागणार नाही, माझ्या आईने पहिल्या आठवड्यात टाइम ऑफिसला सतरा वेळा फोन केला होता आणि टाइमकीपर मला अजून त्यावरून चिडवतो.